वर बघायची सोय नाही

‘हातातल्या फोनवर सिनेमासारखे दिसणारे खेळ फुकट मिळतात. मग आमचा मुलगा रात्री दिवा मालवून हे ठोकळ्याठोकळ्यांचं काय खेळत बसतो? आणि एवढ्या ओबडधोबड चित्रांना घाबरतो कसा?’

खेळांवर बोलायला गेलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक पालक असतात, आणि त्यांना खरं तर दोन गोष्टी हव्या असतात. ती चित्रं अशी का दिसतात, ही एक. आणि तशी दिसत असूनही भीती का वाटते, ही दुसरी. या प्रकरणात मी दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातूनच काढणार आहे. जुन्या भयपटी नेमबाजीच्या खेळांतली बरीचशी भीती कुणी मुद्दाम बसून रचलेली नव्हती. ती हिशेब वाचवता वाचवता आली.

आधी ओळख. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणजे ज्यात तुमचं पात्र तुम्हाला दिसत नाही असा नेमबाजीचा खेळ. पडदा म्हणजे तुमचेच डोळे; खाली मधोमध बंदूक धरलेला हात तेवढा दिसतो. त्यातच भुतंखेतं, राक्षस, रक्ताचे सडे आले की झाला भयपटी शूटर. १९९३ चा ‘डूम’ हा त्यांचा मूळपुरुष. मंगळाच्या उपग्रहांवर काही प्रयोग फसतात, नरकाचं दार उघडतं आणि एकटा सैनिक आत अडकतो, एवढीच त्याची कथा. ‘रेट्रो’ म्हणतात ते आजचे खेळ: तयार झाले काल-परवा, दिसतात मात्र तीस वर्षांपूर्वीचे.

आपल्याकडे ज्यांनी २००० नंतर सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून हौस भागवली, त्यांच्या तोंडी ‘आयजीआय’ आणि ‘काउंटर स्ट्राइक’ ही नावं आधी येतील. पण त्या दोघांचीही पाळंमुळं डूमच्या पिढीत आहेत.

समजून घ्यायला आपल्याला तीन वास्तू लागतील. त्या कर्जत मार्गावरच्या लोकलमध्ये ओळीने तीन स्टेशनांवर मिळतात: उल्हासनगरची बॅरक, अंबरनाथचं देऊळ आणि बदलापूरचा पादचारी पूल. तिन्ही आपण संगणकात उभारू पाहू. कुठल्या काळच्या खेळाला काय जमत होतं आणि काय नाही, ते त्यातूनच कळेल.

१. बॅरक

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बॅरकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. आता तिथे उंच इमारती आहेत, तरी पत्ता सांगताना लोक आधी कॅम्प नंबर सांगतात, मग बॅरक नंबर.

आपण एक सोपी, आदर्श बॅरक घेऊ. सगळ्या भिंती काटकोनात, सगळ्या एकाच उंचीच्या, जमीन सपाट, छत सपाट. अशी वास्तू चौकटीच्या वहीत काढता येते: भिंत असेल तो चौकोन काळा करायचा, नसेल तो पांढरा सोडायचा. ‘वुल्फेनस्टाईन थ्रीडी’ हा मे १९९२ मध्ये आलेला खेळ नेमका असाच होता. ६४ आडवे, ६४ उभे, म्हणजे ४,०९६ चौकोनांचा नकाशा. त्रिमिती म्हणून जे दिसायचं, त्याच्या पाठीमागे ही चौकटीची वहीच होती.

मग वहीच्या पानातून उभी भिंत कशी दिसायची? त्या वेळचा पडदा ३२० ठिपके रुंद आणि २०० ठिपके उंच. म्हणजे पडद्यावर ३२० उभ्या रेघा. प्रत्येक रेघेसाठी संगणक खेळाडूच्या डोळ्यापासून नकाशावर एक किरण सोडतो आणि तो कितव्या चौकोनात काळ्या भिंतीला अडतो ते पाहतो. अंतर कळलं की उंची ठरली: जितकं अंतर जास्त, तितकी भिंत बुटकी.

आकडे घालून बघू. भिंत १० फुटांवर असताना ती पडद्यावर २०० ठिपके उंच, म्हणजे पडदाभर दिसते असं धरा. मग २० फुटांवरची भिंत १०० ठिपक्यांची, ४० फुटांवरची ५० ची, ८० फुटांवरची जेमतेम २५ ची. सूत्र एकच: २,००० भागिले अंतर. प्रत्येक रेघ पडद्याच्या मध्यावर धरून वर-खाली सारखी काढायची. बॅरकींमधल्या बोळात उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या भिंती दूरवर निमुळत्या होत जाताना दिसतात. तो निमुळतेपणा म्हणजे एकामागून एक केलेले हे ३२० भागाकार.

एक खाच आहे. समोर १० फुटांवर आडवी भिंत आहे. सरळ नाकासमोरचा किरण १० फूट जातो, पण ३० अंश तिरका गेलेला किरण त्याच भिंतीला अडेपर्यंत साडेअकरा फूट जातो. तोच आकडा सूत्रात घातला तर कडेची भिंत १७३ ठिपक्यांची येते, मधली २०० ची. सरळ भिंत पोट सुटल्यासारखी फुगलेली दिसते. उपाय सोपा आहे: तिरक्या अंतराला त्या कोनाच्या कोसाईनने गुणायचं. साडेअकराला ०.८६६ ने गुणलं की पुन्हा १० येतात. शाळेत ‘याचा उपयोग काय’ म्हणून ज्याला शिव्या घातल्या, तो कोसाईन इथे भिंत सरळ ठेवतो.

२. भागाकार महाग होता

‘३२० च रेघा का? प्रत्येक ठिपक्याचं अंतर का नाही मोजलं?’ ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपके. डूम सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रं काढायचा. गुणाकार करा: सेकंदाला २२ लाख ४० हजार ठिपके. प्रत्येकासाठी एक भागाकार करायचा तर तेव्हाच्या ३८६ जातीच्या प्रोसेसरचा जीव गेला असता. त्याला बेरीज चटकन जमायची, भागाकाराला तिच्या कित्येक पट वेळ लागायचा, आणि अपूर्णांक हाताळायचा वेगळा भाग तर त्याच्यात नव्हताच.

अपूर्णांकांवर तोड काढली ती किराणा दुकानदाराची. पावणेतेरा रुपये लिहायचे नसतील तर १,२७५ पैसे लिहा. दशांशचिन्ह गेलं, हिशेब तोच. डूमने रुपयाचे शंभर नव्हे, एका एककाचे ६५,५३६ भाग केले आणि सगळा खेळ पूर्णांकांत चालवला.

भागाकार मात्र टाळणं भाग होतं. या एका काटकसरीतूनच पुढचं सगळं निघतं.

३. देऊळ

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, वालधुनीच्या काठावरचं. बाहेरची भिंत सरळ जात नाही. ती पावलोपावली कोन बदलत, आत-बाहेर होत फिरते. मंडपातून गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं. आणि गाभाऱ्यावरचं शिखर पुरं नाही, वरून आभाळ दिसतं. (राक्षस देवळात सोडायचे नाहीत, आपण नुसत्या भिंती आणि पायऱ्या मोजतोय.)

वुल्फेनस्टाईनच्या चौकटीच्या वहीत हे देऊळ बसत नाही. कोन चालत नाहीत, पायऱ्या चालत नाहीत, आभाळ चालत नाही. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या डूममध्ये तिन्ही चालतात. इड सॉफ्टवेअर या टेक्सासमधल्या लहानशा कंपनीचा हा खेळ. त्याचं गणित जॉन कारमॅकने लिहिलं आणि बरेचसे नकाशे जॉन रोमेरो आणि सँडी पीटरसन यांनी काढले.

डूमचा नकाशा म्हणजे कोऱ्या कागदावरचा आराखडा. हव्या त्या कोनात रेघा ओढा. रेघांनी बंद झालेल्या प्रत्येक तुकड्याला दोन आकडे द्या: जमीन किती उंचीवर, छत किती उंचीवर. मंडपाची जमीन शून्यावर ठेवली, तर पहिली पायरी उणे आठ, दुसरी उणे सोळा, अशा वीस पट्ट्या आखल्या की गाभाऱ्यात उतरलो. गाभाऱ्याच्या छताला ‘आभाळ’ असं नाव दिलं की तिथे आकाशाचं चित्र दिसू लागतं.

एवढ्या वाकड्यातिकड्या भिंतींत कुठली पुढे आणि कुठली मागे, हे दर चित्राला ठरवणं कष्टाचं. कारमॅकने त्यासाठी बीएसपी नावाची, विमानचालकांच्या प्रशिक्षणयंत्रांसाठी निघालेली युक्ती उचलली. नकाशा एका रेघेने दोन भागांत कापायचा, प्रत्येक भाग पुन्हा कापायचा, असं करत करत लहान तुकड्यांपर्यंत जायचं. ही कापाकापी नकाशा काढणाऱ्याच्या संगणकावर एकदाच होते आणि फाइलमध्ये साठवली जाते. खेळताना फक्त विचारायचं असतं: तुम्ही या रेघेच्या या बाजूला आहात की त्या? हजारएक तुकड्यांच्या नकाशात नीट कापाकापी झाली असेल, तर दहाएक प्रश्नांत तुमचा तुकडा सापडतो, आणि जवळच्या भिंती आधी, लांबच्या नंतर, असा क्रमही त्याच ओघात मिळतो.

याची किंमत अशी की एकदा कापलेल्या भिंती खेळात हलवता येत नाहीत. हलतात ते फक्त दोन आकडे, जमिनीचा आणि छताचा. म्हणून डूममधलं दार बिजागरीवर फिरत नाही की बाजूला सरकत नाही. ते दुकानाच्या शटरसारखं वर जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता भागाकाराकडे. भिंत उभी असेल तर एका उभ्या रेघेतले तिचे सगळे ठिपके डोळ्यापासून सारख्याच खोलीवर असतात. एक भागाकार केला की रेघ संपेपर्यंत पुन्हा करायला नको. जमीन सपाट असेल तर तिच्या एका आडव्या रेघेतले सगळे ठिपके सारख्या खोलीवर. तिथेही रेघेला एकच. भिंती उभ्या, जमीन आडवी, या दोन अटींवर डूमचा सगळा वेग उभा आहे. अंबरनाथच्या शिखराचा निमुळता उतार त्याला येत नाही. कोरीवकाम करायचं तर भिंतीवर त्याचं चित्र चिकटवायचं.

आणि याच अटीमुळे खेळाडूला मान वर करता येत नाही. मान वर केली की पडदा कलतो, भिंत आणि पडद्याची उभी रेघ समांतर राहत नाहीत, रेघेतल्या प्रत्येक ठिपक्याची खोली वेगळी होते आणि वाचवलेले सगळे भागाकार परत गळ्यात पडतात. १९९४ च्या ‘हेरेटिक’ने याच इंजिनावर वर बघायची सोय दिली खरी, पण तिथे अख्खं चित्र नुसतं खाली सरकवलं जातं आणि भिंती ताणल्यासारख्या दिसतात. डूमने ती भानगडच ठेवली नाही. उंच कठड्यावरून कुणी आगीचा गोळा फेकला तर त्या दिशेने तोंड करून गोळी झाडा, वर-खालचा नेम खेळ स्वतः लावतो.

आता स्वतःला त्या जागी ठेवून बघा. डोक्यावर कुणीतरी घुरघुरतंय, आणि तुम्हाला वर बघायची सोय नाही.

४. अंधाराचा तक्ता

डूमकडे एका वेळी २५६ च रंग होते. त्यातून दूरवर गडद होत जाणारा अंधार कसा काढला? सोप्या पद्धतीने. प्रत्येक रंगाच्या ३२ पायऱ्या धरल्या: पूर्ण उजेडातला विटकरी, थोड्या सावलीतला विटकरी, असं करत जवळजवळ काळा. प्रत्येक पायरीला २५६ मधला सर्वांत जवळचा रंग कुठला, ते आधीच शोधून तक्त्यात मांडून ठेवलं. ३२ गुणिले २५६, म्हणजे ८,१९२ नोंदी. खेळताना हिशेब नाही, नुसतं तक्त्यात बघायचं. ठिपका लांबचा असेल तर खालची ओळ, जवळचा असेल तर वरची.

परिणाम असा की डूममध्ये अंधार अंतराने येतो. अंधाऱ्या खोलीत तुमच्याभोवती चार-पाच पावलांचं पुसट वर्तुळ, त्यापलीकडे काळं. तुम्ही पुढे सरकलात की ते सरकतं. शिवाय बंदूक झाडली की क्षणभर सगळं दृश्य त्याच तक्त्यात वर ढकललं जातं, म्हणजे बारच्या उजेडात खोली उजळते. पुरत्या काळोखात आपण भिंतीच्या भरवशावर गोळी झाडतो, निमिषभर खोली दिसते, आणि भिंत समजत होतो तिथे तिघे उभे असतात. मग पुन्हा काळोख. खोलीत काय आहे ते बघायचं तर काडतूस खर्च करायचं, असा सौदा. मला यापेक्षा चांगली भीती महागड्या खेळांत क्वचित भेटली आहे.

याच तक्त्यातून एक राक्षसही निघाला, ‘स्पेक्टर’. एरवीच्या एका राक्षसाचीच आकृती, पण तिच्या जागी रंग भरायचेच नाहीत. मागच्या चित्रातले ठिपके जरा वर-खाली सरकवून काळपट करायचे. नवं चित्र काढावं लागलं नाही. दिसतो तो उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तसा काहीतरी, आणि तो चावतो.

आता शटरकडे. दार खालून वर उघडतं म्हणून पलीकडच्याचे आधी पाय दिसतात. लाल की तपकिरी, खूर की बूट, हे कळायला अर्धा क्षण मिळतो. धड आणि तोंड नंतर. दार बाजूला सरकलं असतं तर सगळं एकदम दिसून मोकळं झालं असतं. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचून वाढलेल्यांना त्या अर्ध्या क्षणाची किंमत सांगायला नको.

पण सर्वांत जास्त काम करतो तो आवाज, आणि तिथली काटकसर तर अजब आहे. डूम आवाज काढताना दोनच गोष्टी बघतो: तो किती लांबून येतोय आणि डावीकडून की उजवीकडून. मध्ये भिंत आहे का, हे तो बघत नाही. खऱ्या घरात शेजारच्या खोलीतला आवाज दबून येतो. इथे पलीकडचं घुरघुरणं कानाशी असल्यासारखं येतं. राक्षस कुठल्या बाजूला आहे ते कळतं. याच खोलीत आहे की भिंतीपलीकडे, ते कळत नाही. हिशेब वाचला, आणि खेळाडू स्वतःभोवती गरगर फिरायला लागला.

राक्षसांच्या कानांसाठी मात्र वेगळा नियम. तुम्ही गोळी झाडलीत की तिचा आवाज तुमच्या खोलीतून उघड्या वाटांनी शेजारच्या खोलीत, तिथून पुढच्या खोलीत, पाणी पसरावं तसा पसरतो आणि ज्याच्यापर्यंत पोचला तो जागा होतो. आपल्या बॅरकीत ओळीने तीन खोल्या धरा. सगळी दारं उघडी असतील तर पहिल्या खोलीतली गोळी तिसऱ्या खोलीतल्याला उठवते. मधलं शटर बंद असेल तर आवाज तिथेच अडतो. तिसरा झोपूनच राहतो. तुम्ही शटर उघडून दुसऱ्यांदा गोळी झाडता, आणि मग लांबून, दृष्टीआडून, एक आवाज येतो जो आधी नव्हता. कुणीतरी उठलं आहे. ते तुमच्याकडे निघालं आहे. किती वेळात येईल, कुठल्या दाराने येईल, माहीत नाही.

भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी बदलापूर-अंबरनाथला घरच्या संगणकावर असे खेळ खेळले, त्यांना भीतीचा आणखी एक थर फुकट मिळाला: दर दोन मिनिटांनी खेळ सेव्ह करायची सवय, कारण वीज राक्षसापेक्षा बेभरवशाची.

५. मातीचे राक्षस, खेळण्यातल्या बंदुका

डूमच्या भिंती गणितातून येतात, राक्षस नाहीत. प्रत्येक राक्षस म्हणजे एक सपाट चित्र, कायम तुमच्याकडे तोंड करून उभं केलेलं. तो वळलेला दिसावा म्हणून आठ दिशांची आठ चित्रं. त्यातही बहुतेकांची पाचच काढायची, उरलेली तीन आरशात उलटवायची. काही राक्षसांच्या मूर्ती इडच्याच चित्रकार एड्रियन कारमॅकने (जॉनचा हा कुणी नातलग नव्हे, नुसता आडनावबंधू) चिकणमातीत घडवल्या, काही मूर्ती शिल्पकार ग्रेगर पंचॅट्झकडून करून घेतल्या. मूर्ती फिरवत फिरवत चित्रित करायची, मग संगणकावर ठिपका ठिपका दुरुस्त करायची. मेल्यावर मात्र एकच चित्र. पडलेल्या राक्षसाला प्रदक्षिणा घातलीत तर तो जमिनीवर पडल्या पडल्या तुमच्याबरोबर फिरतो. तेव्हा कुणी हे भीतीसाठी केलं नव्हतं. रात्री एकट्याने बघितलं तर मात्र बरं वाटत नाही.

बंदुकांचे तर फोटोच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच बंदुका खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या. ज्या गावात ऑर्डनन्स फॅक्टरीचा भोंगा ओळखीचा, त्या अंबरनाथकरांना ही माहिती विशेष आवडावी.

६. पादचारी पूल

आता बदलापूर स्टेशन डूममध्ये बांधायला घ्या. फलाट जमतो: जमीन थोडी उंच. रूळ जमतात: जमीन थोडी खाली. जिना जमतो, पट्टी पट्टी उंच करत न्या. आणि पुलाशी येऊन सगळं अडतं.

डूमच्या कागदावर एका जागी जमीन एकच आणि छत एकच. पुलाखालच्या जागेत फलाटाची जमीन आहे, तिच्यावर पुलाचा तळ, त्यावर पुन्हा पुलावरची जमीन. एकाच बिंदूवर दोन जमिनी. कागदावर एका तुकड्याला दोनच आकडे लिहायची मुभा आहे, चार नाहीत. त्यामुळे डूममधल्या पुलावरून तुम्ही चालू शकाल, किंवा त्याच्या खालच्या फलाटावर उभे राहाल. दोन्ही एका नकाशात नाही. जिन्यावर माणसं चढतायत आणि खालून लोकल जातेय, हे बदलापूरकरांचं रोजचं दृश्य डूमला अशक्य.

उंचीबद्दलची ही बेफिकिरी राक्षसांतही आहे. चालण्या-अडण्याच्या हिशेबात डूममधला प्रत्येक राक्षस अनंत उंच असतो. तुम्ही उंच कड्यावर, तो खाली खड्ड्यात, तरी तो तुमची वाट अडवतो आणि चावूही शकतो. पहिल्यांदा होतं तेव्हा खेळाडूला वाटतं, भूतबाधाच झाली.

पूल जमला तो २२ जून १९९६ ला, इडच्याच ‘क्वेक’मध्ये. तिथे कागदी आराखडा नाही. भिंत, जमीन, राक्षस, सगळं खऱ्या त्रिमितीतल्या कोनाकोनांच्या तुकड्यांचं. वर बघा, खाली बघा, पुलावर उभं राहून खालच्याला मारा. त्यासाठी अपूर्णांक झपाट्याने हाताळणारा पेंटियम लागला. तरीही प्रत्येक ठिपक्याला भागाकार परवडलाच नाही. दर सोळा ठिपक्यांनी एक करायचा आणि मधले अंदाजाने भरायचे. नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनरने त्याला गाण्यांऐवजी कण्हणं, धातूचं घासणं आणि लांबून येणारी कुजबूज दिली. राक्षस लव्हक्राफ्टच्या भयकथांच्या वळणाचे.

माझं मत विचाराल तर क्वेकने पूल मिळवला आणि गर्दी घालवली. खऱ्या त्रिमितीचा एकेक राक्षस इतका महाग पडायचा की एका खोलीत चार-पाच आले म्हणजे खूप. डूमच्या सपाट चित्रांची झुंड परवडायची.

७. ठोकळ्यांकडे परत

त्याच सुमारास सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनने भागाकार वेगळ्या तऱ्हेने वाचवला होता. भिंतीवरचं चित्र खोलीचा विचार न करता सरळ ताणायचं, आणि प्रत्येक कोपरा जवळच्या पूर्ण ठिपक्यावर बसवायचा. त्यामुळे फरशीच्या रेघा वाकायच्या आणि चालताना भिंतींचे कोपरे थरथरायचे. आजचे रेट्रो भयखेळ करणारे हा थरथराट मुद्दाम वेगळा कोड लिहून घालतात. खोली पूर्णपणे स्थिर न दिसणं हे भुताच्या घराला शोभतंच.

या परतीच्या लाटेतला सर्वांत नावाजलेला खेळ ‘डस्क’. डेव्हिड शिमान्स्कीने तो जवळजवळ एकट्याने केला; संगीत अँड्र्यू हुल्शल्टचं. तो पूर्ण स्वरूपात आला १० डिसेंबर २०१८ ला, म्हणजे डूमला नेमकी २५ वर्षं झाली त्या दिवशी. खेड्यातला एक अघोरी पंथ, गोण्या डोक्यावर घेतलेली माणसं, कापणीची यंत्रं. पात्रं मोजक्या कोनांची, चेहरे पुसट. नंतर ‘अमिड ईव्हिल’, ‘कल्टिक’ असे बरेच आले.

इथे पालकांच्या पहिल्या प्रश्नाचं एक रोकडं उत्तरही आहे. सिनेमासारखं दिसायचं तर मोठी पलटण लागते. पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीचा २०२४ मधला ‘इंडस’ हा खेळ घ्या. तसा गुळगुळीतपणा एकट्यादुकट्याचं काम नाही. ठोकळे मात्र एका माणसाला परवडतात. उरलेला वेळ तो कुठल्या दारामागे काय ठेवायचं यावर घालवू शकतो, आणि शेवटी भीती तिथूनच येते.

सगळेच रेट्रो खेळ हे साधतात असं नाही. बरेच जण ठोकळे उचलतात आणि नियम विसरतात. चित्र १९९३ चं, पण राक्षस सावकाश, आवाज आजच्या सिनेमासारखा दबलेला, आणि दर मिनिटाला कानठळ्या बसवून दचकवणं. त्याला जुना मुलामा म्हणावं फार तर.

डूम टिकला त्यामागे आणखी एक कारण आहे. त्याचा पहिला, नऊ नकाशांचा भाग फुकट होता, आणि करणाऱ्यांनीच सांगितलं होतं की कॉपी करा, मित्रांना द्या. आवडला तर पुढचे भाग विकत घ्या. परदेशी मालाच्या नकला करून त्यावर ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा शिक्का मारल्याचे विनोद ज्या शहरावर पिढ्यानपिढ्या झाले, तिथल्या व्यापाऱ्याला ही विक्रीची रीत समजावून सांगावी लागली नसती. पुढे २३ डिसेंबर १९९७ ला खेळाचा कोडही खुला झाला. लोक त्याआधीपासूनच त्याचे नकाशे करत होते, अजूनही करतायत.

तुम्हीही करू शकता. ‘फ्रीडूम’ हा चित्रं-आवाजांचा मोफत संच, ‘स्लेड’ हा मोफत एडिटर आणि खेळ चालवायला डूमच्या खुल्या कोडवरचं एखादं मोफत इंजिन घेतलं की पुरे. साधा लॅपटॉप चालतो. सुरुवात बॅरकीपासून करा. रेघा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओढा, कारण रेघेची उजवी बाजू ही तिची दर्शनी बाजू मानतात. उलट ओढल्या तर भिंतीचं तोंड बाहेरच्या पोकळीकडे होतं. मग एका तुकड्याचं छत जमिनीला टेकवा, की शटर तयार झालं. उजेडाचा आकडा आतल्या खोलीत १६० वरून ९६ वर आणा. देवळाच्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी. चढायच्या पायरीची उंची २४ एककांच्या वर नेऊ नका. खेळाडू तेवढीच पायरी चढू शकतो, नाहीतर उतरलेला गाभाऱ्यातच अडकतो.

पुलाचा हट्ट असेल तर ‘जीझेडडूम’सारखी सुधारित इंजिनं आता एका जागी दोन जमिनी ठेवू देतात. स्टेशन होईल, जिना होईल, खालून गाडीही नेता येईल. फक्त तो नकाशा १९९३ च्या डूममध्ये चालणार नाही.